‘दिवास्वप्न’ : बालशिक्षिकेच्या शिदोरीतील एक पुस्तक

बालवाडीच्या शिक्षिकेला काय काय यावे लागते, असे कोणी विचारले तर आपण गाणी, गोष्टी, चित्रे, खेळ अशी यादी सांगू लागतो. प्रशिक्षण वर्गातही बहुधा हीच यादी अधिक विस्ताराने हाती दिली जाते. परंतु ही सारी साधने कपाटात नीट मांडलेली असूनही एखादा वर्ग निर्जीव राहतो आणि दुसऱ्या एखाद्या वर्गात मूठभर चिंचोक्यांवर मुले तासभर रमतात, याचा उलगडा त्या यादीतून होत नाही. ते साधन शिक्षिकेकडे कोणाच्या हातून आले, कोणाला पाहून ती ते वापरावयास शिकली, हा प्रश्न त्यामागे उभा असतो. गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ हे छोटेखानी पुस्तक या प्रश्नाच्या अनुरोधाने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

गिजुभाई (१८८५–१९३९) मूळचे वकील. घरात मुलगा जन्मला आणि त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता मॉन्टेसरींच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला. पुढे वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली तेथे त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुलांवरील मायेमुळे त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, असे लाडके नाव मिळाले. ‘दिवास्वप्न’ हे मूळ गुजराती पुस्तक त्यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केले. शिक्षणाचे नवे विचार पडताळून पाहू इच्छिणारा एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून सर्वसाधारण प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग एका वर्षापुरता मागून घेतो, एवढेच त्याचे कथानक. वर्ग चौथीचा असला तरी बालवाडीच्या शिक्षिका हे पुस्तक आपले मानत आल्या आहेत, आणि त्याचे कारण पहिल्या काही पानांतच सापडते.

पहिल्या दिवशी हा शिक्षक मोठ्या तयारीने वर्गात शिरतो. नव्या शिक्षणशास्त्रात वाचलेला शांततेचा खेळ तो मुलांपुढे मांडतो. मुलांनी स्तब्ध बसावे, बारीकसारीक आवाज ऐकावेत अशी त्याची अपेक्षा असते. मुले मात्र शांत बसण्याऐवजी गोंगाट करतात आणि त्याची सगळी योजना तिथल्या तिथे कोलमडते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो. आता मुले सरकत सरकत जवळ येतात, आणि आदल्या दिवशी मागूनही न मिळालेली शांतता न मागता वर्गात उतरते. माझ्या मते या पुस्तकाचे मर्म याच प्रसंगात आहे. शांततेचा खेळ त्याने पुस्तकातून उसना आणला होता. गोष्ट मात्र त्याच्या स्वतःच्या गाठीची होती. पहिले साधन त्याला ठाऊक होते, दुसरे त्याच्या अंगात मुरलेले होते.

शांततेच्या खेळाचा उगम ठाऊक असलेल्या वाचकाला या फजितीचा अर्थ अधिक उमगेल. स्वतः श्रद्धावंत कॅथॉलिक असलेल्या मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. एके दिवशी अंगणात एका आईच्या हाती चार महिन्यांचे तान्हे बाळ त्यांना दिसले. ते त्यांनी कडेवर घेऊन वर्गात आणले आणि हे बाळ किती निवांत आहे, त्याचा श्वास किती हलका आहे, याकडे मुलांचे लक्ष वेधले. मुले आपोआप श्वास रोखून ऐकू लागली. म्हणजे जे पुढे पद्धत म्हणून जगभर गेले, ते मुळात एका बाईच्या डोळस प्रतिसादातून जन्मले होते. बाळ गेले, बाईंचे पाहणे गेले, उरली ती कृती; आणि केवळ कृती घेऊन आलेल्या शिक्षकाची फजिती झाली. गिजुभाई स्वतः मॉन्टेसरींचे अनुयायी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे स्वतःच्या गुरूंचाच खेळ पहिल्या दिवशी फसलेला दाखवण्यातील त्यांचा प्रामाणिकपणा जाणवतो.

खुद्द मॉन्टेसरींची साधनेही शून्यातून आली नव्हती. इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ त्यांनी भाषांतर करीत स्वतःच्या हाताने उतरवून काढले होते. छापील पुस्तक हाती असताना ही मेहनत कशासाठी, असे आज वाटेल. परंतु एकेका शब्दापाशी थांबावे, त्याचा अर्थ तोलून पाहावा, एवढ्यासाठी त्यांनी ते कष्ट घेतले होते. प्रभाव आणि साधन या दोन गोष्टी अलग नसतात, हे याहून चांगल्या रीतीने कसे सांगता येईल?

वाङ्मयीन दृष्टीने पाहता ‘दिवास्वप्न’ची वीण साधी आहे. प्रथमपुरुषी निवेदन, रोजनिशीसारखे छोटे प्रसंग, बोलके संवाद आणि स्वतःची थट्टा करण्याची निवेदकाची तयारी, यांमुळे शिक्षणविषयक पुस्तकांत सहसा न आढळणारा जिवंतपणा त्याला लाभला आहे. शिक्षणाधिकाऱ्याचे पात्र विशेष लक्षणीय. तो खलनायक नाही. शंकेखोर पण ऐकून घेणारा असा तो माणूस आहे. वर्गातील पुस्तकसंग्रह, स्वच्छतेची पाहणी, खेळातून व्याकरण, पाठांतराविना नाटक हे सारे प्रयोग निवेदक त्याच्या प्रश्नांना उत्तरे देत पुढे नेतो. त्यामुळे वाचकाच्या मनातील शंकांनाही पुस्तकात जागा मिळते.

तथापि या पुस्तकाच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगावयास हव्यात. प्रयोग एका वर्षाचा आहे आणि तो यशस्वी होतो. दुसऱ्या वर्षी त्या मुलांचे काय झाले, हे आपल्याला कळत नाही. निवेदक प्रयोगाच्या ओढीने आलेला आहे. महिनाअखेरीची विवंचना, घरचे आजारपण, वरिष्ठांची मर्जी या गोष्टी त्याच्या वाटेत फारशा येत नाहीत. तो पालकांची सभा बोलावतो तेव्हा मोजकेच पालक येतात. ते का आले नाहीत, त्यांच्या दिवसाचे ओझे कसले होते, याचा शोध मात्र पुस्तक घेत नाही. ज्या लेखकाला लोकांनी आई म्हटले, त्याच्या या पुस्तकात आयांचा आवाज फारसा ऐकू येत नाही, ही उणीव मला मोठी वाटते. कारण बालवाडीच्या वयात मूल आईच्या पदरापासून नुकतेच सुटलेले असते.

ही उणीव भरून निघाली ती दोन स्त्रियांच्या कामातून, आणि तीही आपल्याच किनाऱ्यावर. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) भावनगरला गिजुभाईंसोबत काम करून आल्या होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुण्यातील शाळेची नोकरी सोडून अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर रुजले. वसईहून उत्तरेला डहाणूच्या रोखाने गेले की हा मुलूख लागतो. येथे मॉन्टेसरींची महागडी लाकडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने, फुले यांवर वर्ग उभे राहिले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसले तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणारी मुले शाळेला मुकतात, असे दिसले तेव्हा कुरणातच शाळा भरली. ‘दिवास्वप्न’मधील शिक्षकाने न विचारलेला प्रश्न या दोघींनी विचारला आणि त्याचे उत्तर घराच्या उंबरठ्याशी जाऊन दिले. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना मिळालेल्या ‘अंगणवाडी’ या नावात त्या उत्तराची खूण आजही शिल्लक आहे.

सेगँ, मॉन्टेसरी, गिजुभाई, ताराबाई, अनुताई अशी ही साखळी पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. यांतील प्रत्येकाने आपल्या गुरूकडून घेतले आणि जे घेतले ते आपल्या मातीत बदलून टाकले. बदल करताना त्यांनी दृष्टी टाकली नाही. बदलली ती साधने. आपल्याकडे अनेकदा याच्या उलट घडते. साधने जशीच्या तशी येतात आणि दृष्टी वाटेत हरवते. केंद्र सरकारने २०२३ साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी, चित्रपत्रे आणि गोष्टींच्या पुस्तकांचा संच आणला. हा उपक्रम स्वागतार्हच आहे. परंतु पिटाऱ्यातील बाहुली बोलू लागते ती शिक्षिकेच्या आवाजात, आणि तो आवाज पेटीत भरून पाठवता येत नाही.

आपल्या धर्मग्रामांतील शिशुवर्गांकडे या नजरेने पाहावे. तेथे शिकवणारी मुलगी बहुधा आपल्याच आळीतली असते. तीन वर्षांच्या मुलाला अक्षरे गिरवता येत नाहीत म्हणून आपण तिला जाब विचारतो. पण तिने चांगली शिक्षिका वर्गात शिकवताना कधी पाहिली आहे का, तिच्या हाती शिक्षणावरचे एखादे वाचनीय पुस्तक आहे का, तिला गोष्टी सांगणारी आजी लाभली होती का, हे आपण विचारीत नाही. वर्षातून चार दिवस तिला एखाद्या अनुभवी बाईंच्या वर्गात नुसते बसू द्यावे. शाळेच्या कपाटात ‘दिवास्वप्न’ची एक प्रत ठेवावी आणि पालकसभेत त्यातील पहिला प्रसंग वाचून दाखवावा. त्या शिक्षकाची योजना पहिल्याच दिवशी फसली होती, तरी दुसऱ्या दिवशी त्याला गोष्ट सांगण्याची मुभा मिळाली. आपल्या शिक्षिकेलाही तो दुसरा दिवस मिळावा, ही जबाबदारी पालक म्हणून आपली आहे.