निंदा आणि मनवळवणी : गाडगेबाबांच्या कीर्तनाचा विचार

न्यायदर्शनाने चर्चेचे वाद, जल्प व वितंडा असे तीन प्रकार मानले आहेत. वादाचे प्रयोजन तत्त्वनिर्णय, जल्पाचे विजय. वितंडेत स्वतःचा पक्षच नसतो, केवळ परपक्षाचे खंडन असते. या विभागणीत गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) कीर्तन कोठे बसवावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पशुबळी, दारू, कर्ज काढून केलेले सणवार यांवर ते कठोर प्रहार करीत. तरीही ज्यांची हजेरी घेतली जाई, तेच श्रोते पुनःपुन्हा जमत.

याचे श्रेय त्यांच्या साध्या भाषेस देण्याची रीत आहे. हे उत्तर अपुरे होय; भाषा साधी तर शिवीचीही असते. खरे कारण प्रश्नांच्या योजनेत आहे. बडनेरा-अमरावतीकडील वऱ्हाडी बोलीतील ‘काहून’ हा शब्द कारण विचारतो आणि त्याच दमात जाबही विचारतो. गाडगेबाबांच्या कीर्तनाची उभारणी या दुहेरी क्रियेवर झालेली दिसते. निष्कर्ष कीर्तनकार सांगत नाही. प्रश्नांची उतरंड रचून तो श्रोत्याकडूनच वदवितो. स्वमुखातून निघालेला निष्कर्ष अपमान म्हणून झिडकारता येत नाही. शिवाय हाती खराटा, अंगावर चिंध्या आणि पाया पडण्यास मज्जाव, यांमुळे वक्ता श्रोत्याच्या वर उभा राहत नाही.

मात्र एक आक्षेप टाळता येत नाही. समुदायाचा एकसुरी होकार म्हणजे पटणे नव्हे. उत्तर प्रश्नातच पेरलेले असेल, तर श्रोता विचार करतो की नुसता ताल धरतो? हा दोष काही अंशी मान्य केलाच पाहिजे. परंतु गाडगेबाबांची प्रमाणे श्रोत्याच्या घरातली आहेत : त्याचे कर्ज, त्याची मुले, त्याचे अंगण. ती त्यास घरी जाऊन पडताळता येतात. ज्या युक्तिवादात पडताळ्याची वाट मोकळी राहते व वक्त्याच्या पदरी विजयाचा लाभ पडत नाही, तो जल्प नव्हे. वादाच्या अधिक जवळचा आहे.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. अशा कीर्तनाच्या छापील संहितेतून श्रोत्यांची उत्तरे गाळली, तर उरते ती केवळ खरडपट्टी. म्हणून श्रोत्याचा प्रतिसाद हा संहितेचाच भाग मानून अभ्यासकाने तिचे संपादन केले पाहिजे. अन्यथा मनवळवणीचा हा नमुना निंदेचा नमुना म्हणून वाचला जाईल.