पेटर झुमथोर : भग्न मंदिरावरचे संग्रहालय

सुतारकाम शिकून वास्तुकार झालेल्या (हा वारसा ख्रिस्ती मनाला परका नाही!) झुमथोर यांनी ब्रेगेंझचे कलासंग्रहालय (१९९७) उभारले, पण त्यांची खरी कसोटी आम्हांला कोलोनच्या ‘कोलुंबा’त (२००७) दिसते. महायुद्धात संत कोलुंबाचे मंदिर कोसळले, पवित्र मरियेची मूर्ती मात्र वाचली. गॉटफ्रिड ब्योम यांनी १९५० साली तिच्यासाठी छोटे प्रार्थनामंदिर बांधले. झुमथोर यांनी भग्न भिंतींवरच करड्या विटा रचून ते सारे महाधर्मप्रांताच्या संग्रहालयात सामावून घेतले. जाळीदार भिंतींतून अवशेषांवर झिरपणारा प्रकाश अपूर्व आहे, यात वाद नाही. परंतु प्रार्थनामंदिराच्या काचचित्रांवर पूर्वी पडणारा मोकळा सूर्यप्रकाश त्यामुळे हिरावला गेला. भाविकांसाठी वेगळे दार ठेवले आहे, हे खरे. तरीही कलेच्या छपराखाली मरियामातेच्या वाट्याला काळोख यावा, हे आमच्या मनाला पटत नाही.