‘गुड नाइट ऑपी’ : यंत्राचा संधिवात आणि माणसांचे निर्णय

मंगळावरच्या ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या जुळ्या गाड्यांवर रायन व्हाइट यांनी २०२२ साली ‘गुड नाइट ऑपी’ हा माहितीपट केला. जानेवारी २००४ मध्ये उतरलेल्या या गाड्यांकडून नव्वद मंगळदिवसांच्या कामाची अपेक्षा होती. स्पिरिट २०१० पर्यंत संपर्कात राहिली. ऑपॉर्च्युनिटीने ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापले आणि जून २०१८ च्या धुळीच्या वादळात तिचा संपर्क तुटला.

माहितीपट देखणा आहे. संगणकाने उभी केलेली मंगळभूमी खरी वाटते. नियंत्रण कक्षातल्या माणसांचे ताण आणि आनंद मनाला भिडतात. विज्ञान हे माणसांचे काम आहे, हे विद्यार्थ्यांना यातून नक्कीच उमगेल.

आमची तक्रार वेगळी आहे. गाडीची कथा इथे एका जिवाचे बालपण, तारुण्य आणि म्हातारपण म्हणून रंगवली आहे. गाडीच्या हाताला ‘संधिवात’ होतो, तिला ‘विस्मरण’ होते. उपमा गोड आहेत, पण कारण विचारायची वेळ आली की त्या उत्तराची जागा अडवून बसतात.

ऑपॉर्च्युनिटीच्या हाताचेच पाहू. खांद्याच्या सांध्याजवळचा तापक उतरल्यापासूनच बंद होईना आणि वीज वाया जाऊ लागली. म्हणून रात्री गाडीची सगळीच वीज तोडायचे ठरले. वीज वाचली, पण त्या रात्री सांधा गारठू लागला. दिवस-रात्रीच्या तापमानातली मोठी तफावत मोटरला सोसावी लागली आणि २००५ च्या अखेरीस सांधा अडखळला. मिटलेला हात कायमचा अडकेल या भीतीने २००८ पासून तो पुढे धरूनच गाडी चालवली गेली. म्हणजे हे वार्धक्य नव्हे. विचारपूर्वक केलेल्या निवडीची ती किंमत होती. विस्मरणाचेही तसेच. वीज गेली तरी माहिती टिकवणारी स्मृती बिघडली, तेव्हा दिवसभराची निरीक्षणे गाडी ‘झोपण्यापूर्वी’ पाठवून देण्याची पद्धत बसवली गेली.

मुळात दूरच्या ग्रहावरची गाडी सुकाणू धरून चालवता येत नाही. मंगळापर्यंत संदेश जायला, ग्रहांमधील अंतरानुसार, सुमारे तीन ते बावीस मिनिटे लागतात. म्हणून आदल्या दिवसाची छायाचित्रे पाहून पुढच्या दिवसाच्या आज्ञा एकत्र धाडतात. वाटेतला दगड कॅमेऱ्यांच्या जोडीने ओळखून टाळण्यापुरती मुभा गाडीला असते. कोणता दगड तपासायचा, हे मुख्यतः पृथ्वीवरची माणसे चर्चा करून ठरवत. गाडीच्या भावजीवनापुढे हे रोजचे, चिकाटीचे काम माहितीपटात फिके पडते.

स्पिरिटचे पुढचे उजवे चाक २००६ मध्ये बंद पडले. ते फरफटत नेताना माती उकरली गेली आणि २००७ मध्ये सुमारे ९० टक्के सिलिका असलेला पांढरा थर उघडा पडला. गरम पाण्याच्या किंवा वाफेच्या जुन्या खुणेकडे तो बोट दाखवतो. चाक योगायोगाने घासले. पण त्या पांढऱ्या मातीपाशी थांबून ती मोजायची, हे कुणीतरी ठरवले.

माहितीपट वर्गात जरूर दाखवावा. मात्र मधूनमधून थांबवून विचारावे : हे गाडीला कसे कळले? हे कुणी ठरवले? दुसरा पर्याय कोणता होता? यंत्रे ‘विचार’ करतात असे आज मुले सर्रास ऐकतात. तेव्हा यंत्राचे काम आणि माणसाचा निर्णय यांतली सीमा त्यांना स्वतः शोधू देणे अधिक गरजेचे आहे. डोळे पाणावले तर हरकत नाही. प्रश्न मात्र विचारायचे राहू नयेत.