सोंगाची पालनी

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीत आलं, की बाजाराच्या दिवशी एक दृश्य हमखास दिसतं. भगर, आमचूर, मोहाची फुलं यांचा सौदा एकीकडे चाललेला असतो आणि मोबाइल दुरुस्तीच्या टपरीशी पाच-सहा तरुण एकाच फोनवर वाकलेले असतात. फोनवर अमेरिकी कुस्ती चालू असते, दोरांच्या रिंगणातली, हलगीऐवजी गिटारच्या तालावर मल्ल चालत येणारी. ‘हे खरं असतं का?’ असं त्या टपरीवर कोणी विचारत नाही. तो प्रश्न त्यांनी शाळेत असतानाच सोडवून टाकला आहे. वाद असतो तो दुसऱ्याच गोष्टीवर: ‘याला कशाला पाडलं? आत्ता कुठे वर येत होता.’

हा वाद मला फार मोलाचा वाटतो, कारण तो कलेविषयीचा आहे. या कुस्तीत कोण जिंकणार, किती महिने जिंकत राहणार आणि शेवटी कोणाच्या हातून पडणार, हे आधी ठरतं. ते ठरवण्याला त्या धंद्यात बुकिंग म्हणतात. 1989 मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, ही स्पर्धा नसून करमणूक आहे असं स्वतःच मान्य केलं; क्रीडा-नियमनाचा जाच टळावा, हा त्यामागचा हेतू होता. त्याआधी बत्तीस वर्षं, 1957 च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात, रोलां बार्थ या फ्रेंच लेखकाने या कुस्तीला नाट्याच्या पंगतीत बसवलं होतं. आपल्याला तर हे समजायला फ्रान्सपर्यंत जायचीही गरज नाही. दशावतारात संकासुर मरणार हे कोकणातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. तरी माणसं रात्रभर बसतात. संवाद लिहिलेले नसतात, आखणी ठरलेली असते, आणि नट ती उभ्या-उभ्या भरत जातो. रिंगणातले दोघंही हेच करतात. शेवट ठरलेला असतो, मधली वाट अंगाने आणि समोरच्या गर्दीच्या कानोशाने शोधायची असते.

मग प्रेक्षकाला राग कशाचा येतो? माझं म्हणणं थोडक्यात असं: निकाल ठरवून लावला याचा राग कोणालाच नसतो. पात्राशी बेइमानी झाली, की राग येतो. गेल्या सत्तर वर्षांतली या कलेची आपल्याकडची वाटचाल पाहिली, तर हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

मराठीत ठरवून केलेल्या कुस्तीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, आणि हा शब्द आपण दूषण म्हणूनच वापरतो, अगदी राजकारणातसुद्धा. त्यालाही कारण आहे. लाल मातीत उतरणारा मल्ल न बोलता एक शब्द देत असतो: जे होईल ते खरं होईल. तो मोडला तर मैदान पेटतं. 1950 च्या दशकात हमीदा बानू या पहिलवान स्त्रीने पुरुष मल्लांना आव्हान दिलं आणि जो मला पाडेल त्याच्याशी लग्न करीन असं जाहीर केलं. आजच्या भाषेत सांगायचं, तर कुस्ती सुरू होण्याआधीच तिने एक बिनतोड कथानक उभं केलं होतं. मे 1954 मध्ये बडोद्यात बाबा पहिलवान तिच्यापुढे दोन मिनिटंही टिकला नाही. पण कोल्हापुरात तिने सोमसिंग पंजाबी याला हरवलं, तेव्हा लोकांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती तालीम संघाच्या विरोधामुळे झालीच नाही. तिने मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. त्यावर उत्तर आलं ते असं की स्त्री म्हणून बंदी घातलेली नाही, आयोजक तिच्यापुढे नावापुरते मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत. स्त्रीने पुरुषाला पाडलं हे न सोसण्याचा भाग त्या दगडांत होताच. तो लपवू नये. पण फसवलं गेल्याची भावनाही त्यात होती. गोष्ट सांगणाऱ्यांनी ती खऱ्या मातीवर खरी म्हणून विकली, आणि समोरचं पात्र पोकळ ठेवलं.

दारासिंग यांच्या काळात मुंबईत नेमकं उलट घडलं. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्यांना गर्दी लोटायची. किंग काँग हा हंगेरीचा अवाढव्य मल्ल समोर असायचा, आणि इकडे घरचा, शांत, कमी बोलणारा नायक. 1954 मध्ये रुस्तम-ए-हिंद, 1959 मध्ये राष्ट्रकुल विजेता, 1968 मध्ये मुंबईत लू थेझला हरवून विश्वविजेता: ही चढण चौदा वर्षांची आहे. आजचा कुठलाही बुकर एवढा धीर धरणार नाही. ‘फौलाद’सारख्या चित्रपटांनी ते पात्र आखाड्याबाहेर नेलं, आणि 1987 पासून ‘रामायण’ मालिकेत दारासिंग हनुमान झाले, तेव्हा कोणालाही ते खटकलं नाही. जन्मभर त्यांनी एकच सोंग घेतलं होतं, बळ असूनही नम्र असलेल्या माणसाचं. आणि ते त्यांनी कुठेच खाली ठेवलं नाही.

नव्वदच्या दशकात दूरदर्शनच्या पलीकडच्या वाहिन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर अंडरटेकर हा अमेरिकी मल्ल आला. वाहिनी पोहोचली नाही तिथे पत्ते पोहोचले. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती, किती विजय असे आकडे छापलेले ते पत्ते गावोगावच्या शाळांत खेळले गेले. ते आकडेही कथेचाच भाग होते, पण मुलांनी त्यावर संपत्ती लावावी तसे पत्ते लावले. याच मुलांनी अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत झाल्याची दंतकथा देशभर फिरवली. 1996 च्या ‘खिलाडियों का खिलाडी’त अक्षयकुमार ज्याच्याशी भिडला, तो ब्रायन ली हा वेगळाच मल्ल होता, 1994 मध्ये ‘नकली अंडरटेकर’ म्हणून उभा केलेला. मुलांच्या लेखी मात्र तोच अंडरटेकर. पात्र पक्कं असलं की प्रेक्षक कथेत स्वतःची भर घालतो, फटी स्वतः बुजवतो. म्हणूनच 6 एप्रिल 2014 रोजी रेसलमेनिया या कंपनीच्या वार्षिक सोहळ्यातली अंडरटेकरची 21 विजयांची अखंड मालिका ब्रॉक लेस्नरने मोडली, तेव्हा मैदान सुन्न झालं. दहा वर्षांनंतरही त्या निर्णयाविषयी चाहत्यांचं एकमत नाही. पराभव चुकला, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो: एवढी पुंजी मोडली, तर तिच्यातून कोणी नवा, उद्या उभा राहणारा माणूस घडायला हवा होता; ती आधीच धनवान असलेल्याच्या पदरात पडली.

आता आपल्या माणसांकडे वळू, कारण मोलगीच्या टपरीवरचा सगळ्यात कडू वाद यांच्यावरूनच होतो. 2006 मध्ये द ग्रेट खली आला आणि पहिल्याच झटक्यात त्याने अंडरटेकरला आडवं केलं. जुलै 2007 मध्ये तो जागतिक हेवीवेट विजेता झाला. दोन महिन्यांत तो पट्टा गेला. पुढे तोच मल्ल ‘पंजाबी प्लेबॉय’ होऊन प्रेक्षकांतल्या बायकांना चुंबनं देत फिरू लागला. ज्याला पाहून मुलं पांघरुणात शिरत, त्याला हसण्याचा विषय केलं. खलीच्या हालचाली मंद होत्या, हे खरंच आहे. पण मंदपणातूनही दहशत उभी राहते, हे त्याच कंपनीने आधी दाखवलं होतं. चूक त्याच्या गुडघ्यांची नव्हती, लिहिणाऱ्यांच्या कंटाळ्याची होती.

जिंदर महलचं प्रकरण त्याहून बोचरं आहे. 21 मे 2017 रोजी रँडी ऑर्टनला हरवून तो डब्ल्यूडब्ल्यूई विजेता झाला. वर्षानुवर्षं हरणारा, मधे नोकरी गमावलेला माणूस शिखरावर पोहोचला होता. ही गोष्ट खरी होती आणि सांगण्यासारखी होती. ती सांगितली नाही. फेटा, ‘महाराजा’ हे बिरुद आणि अमेरिकेचा द्वेष करणारा परदेशी, एवढंच त्याला दिलं. नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरला तो ए. जे. स्टाइल्सकडून हरला. आणि 9 डिसेंबरला दिल्लीत, ज्या प्रेक्षकासाठी म्हणून त्याला विजेता केलं असं सगळे म्हणत होते त्याच प्रेक्षकासमोर, ट्रिपल एचने त्याला पाडलं आणि मग दोघं भांगडा नाचले. तो नाच मैत्रीचा होता, मान्य. पण घरच्या अंगणात घरच्या माणसाला पाडून वर नाच लावायचा, याचा अर्थ पाहणाऱ्याने काय घ्यायचा? पुढे वीर महान आला. 2021 च्या ऑक्टोबरपासून एप्रिल 2022 पर्यंत ‘येतोय, येतोय’ एवढीच त्याची जाहिरात चालली. आल्यावर त्याला द्यायला कथाच नव्हती. एप्रिल 2024 मध्ये जिंदर आणि वीर दोघांनाही कंपनीने सोडलं.

या तिघांच्या कथेत एक समान दोष आहे. त्यांना देश दिला, माणूस दिला नाही. हा मल्ल कशासाठी लढतो, कोणाला घाबरतो, हरल्यावर घरी कोणाला तोंड दाखवतो, यातलं काहीच नाही.

महाराष्ट्रात हा डाव सुधारण्याची एक संधी आली होती. अमेरिकेच्या टीएनए या कंपनीने ‘रिंग का किंग’ ही मालिका पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात चित्रित केली. जानेवारी 2012 पासून ती ‘कलर्स’वर दिसली. हरभजनसिंग तिचा चेहरा होता, जेफ जॅरेटची आरडीएक्स ही खलटोळी होती, आणि तिच्यासमोर उभा राहून महाबली वीरा हा पंजाबचा मल्ल अखेर विजेता झाला. कथा सरळ होती आणि वीराची चढण प्रामाणिकपणे लिहिली होती, हे श्रेय द्यायला हवं. पण हंगाम एकच झाला. मला त्याहून मोठी उणीव वाटते ती वेगळी. ज्या शहरात तालमी आहेत, वस्ताद आहेत, ज्या राज्यात 1961 पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा होते, त्यातलं काहीही त्या गोष्टीत उतरलं नाही. वस्तादाने पट्ठ्याशी अबोला धरला, एवढ्या एका प्रसंगावर महाराष्ट्र सहा महिने खिळून राहिला असता.

मग ही कला आज कोणत्या अवस्थेत आहे? निराश होण्यासारखी नक्कीच नाही. कोडी ऱ्होड्सची कथा पाहा. 2023 च्या रेसलमेनियात तो रोमन रेन्सकडून हरला, तेव्हा चाहते चिडले. पुढच्या फेब्रुवारीत रेन्ससमोरची त्याची जागा द रॉकला देण्याचा घाट दिसला, तेव्हा चाहत्यांनी एवढा गजर केला की कंपनीला कथा वळवावी लागली. वळवली तीही शहाणपणाने, त्या रागालाच कथेत घेऊन. एप्रिल 2024 मध्ये कोडीने रेन्सचं 1316 दिवसांचं राज्य संपवलं. 2014 मध्ये डॅनियल ब्रायनच्या बाबतीतही गर्दीनेच लेखकांचा हात धरून लिहायला लावलं होतं. याच्या उलट, मार्च 2025 मध्ये जॉन सिना वीस वर्षांनी खलनायक झाला, साऱ्या जगाने श्वास रोखला, आणि काही महिन्यांत ते सोंग कारणाशिवाय उतरवून ठेवलं गेलं. का झाला आणि का परतला, याचं उत्तर कथेत सापडत नाही.

मोलगीचा प्रेक्षक याबाबतीत कठोर आहे, आणि त्याच्याकडे एक असा निकष आहे जो शहरातल्या समीक्षकाकडे नाही. याचं पहिलं कारण म्हणजे त्याची घरची बोली भिली. समालोचन इंग्रजीत किंवा हिंदीत. वीस-वीस मिनिटं माइक हातात धरून चाललेली भाषणं तो बोटाने पुढे सरकवतो. त्याला गोष्ट अंगातून हवी असते: खांदा पडला आहे की नाही, माघार घेताना पाय कसा पडतो, नजर कुठे जाते. आजच्या कुस्तीत बोलणं फार वाढलं आहे, ही त्याची तक्रार मला पूर्ण पटते.

दुसरं कारण सातपुड्याच्या होळीत आहे. काठीची राजवाडी होळी सर्वदूर माहीत आहे. मोलगीची होळीही तितकीच दाटीची. तिथे बावा, बुध्या, मोरखी, काली उभे राहतात. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा आणि मोरपिसांचा उंच टोप, कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरं. हा नवस आहे, खेळ नव्हे. त्याची बरोबरी रिंगणाशी करायची नाही. पण रूप घेणं म्हणजे काय, हे तिथे दिसतं. रूप घेणारा पालनी पाळतो: जमिनीवर झोपतो, खाटेला अंग लावत नाही, ब्रह्मचर्य राखतो. ढोल थांबला म्हणून त्याची पालनी थांबत नाही. त्याच्याकडे कोणी पाहत नसतं तेव्हाही तो बावाच असतो, बुध्याच असतो.

हे लहानपणापासून पाहिलेल्या डोळ्यांना खलीचं हसं होणं का टोचतं, सिनाचं परतणं का पोकळ वाटतं, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रूप घ्यायचं तर त्याची किंमत मोजायची, आणि ते ठेवायचं तर ठेवण्याचाही विधी करायचा. दारासिंग यांनी ती किंमत आयुष्यभर मोजली. अंडरटेकरने वर्षानुवर्षं लोकांसमोर आपलं रूप मोडू दिलं नाही. ज्यांच्याकडून ही पालनी करवून घेतली गेली नाही, ते मल्ल कमी ताकदीचे नव्हते. त्यांच्या मागे उभं राहून गोष्ट सांभाळणारं कोणी नव्हतं.

उद्या कोणी पुन्हा महाराष्ट्रात रिंगण बांधेल, तर माझं मागणं एवढंच आहे. परदेशी मल्ल आणा, दिवे आणा, पण पात्र लिहिण्याआधी एखादी रात्र मोलगीच्या होळीत काढा. आणि मग त्या मोबाइलच्या टपरीवर थांबून त्या पोरांना विचारा की कोणाला पाडायचं, कधी पाडायचं. ती सांगतील. का पाडायचं, हेही सांगतील.