लाल रंगाचा अर्थ कोणता? वेष्टनावरील रंगसंकेताचे परीक्षण

मांस वा मासळी नासू लागल्याची वार्ता तिच्या वेष्टनानेच रंग पालटून द्यावी, ह्या दिशेने आज अनेक देशांत संशोधन चालू आहे. त्यामागील तत्त्व नवे नव्हे. वनस्पतींच्या रंगात आम्ल व अल्क यांच्या योगाने पालट होतो, हे रॉबर्ट बॉइलने १६६४ मध्येच दाखविले होते. मासळी नासताना जंतूंच्या क्रियेने अमोनिया, ट्रायमिथिलअमीन इत्यादी अल्कधर्मी वायू सुटतात व वेष्टनातील रंगद्रव्य त्यांनी पालटते. अशा वेष्टनास ‘बुद्धिमान’ हे विशेषण लाविले जाते. ते कितपत सार्थ आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

रंगाचे पालटणे हे लक्षण होय. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे तसे. परंतु त्या रंगाचा ‘खाऊ नये’ असा अर्थ घेणे हा संकेत होय, आणि संकेत समाज ठरवितो, रसायन नव्हे. आमच्या कोकणातील दोन रंगद्रव्ये घेतली तरी हे ध्यानी येईल. कोकमातील अँथोसायनिन आम्लात लाल असते व अल्काच्या योगाने निळसर, हिरवट होत जाते. हळदीचे नेमके उलट: ती मूळची पिवळी, चुना लागताच लाल होते, कुंकू करण्याची जुनी रीत ह्याच गुणावर आधारलेली आहे. म्हणजे एका वेष्टनावर लाल रंग ताजेपणा सुचवील, तर दुसऱ्यावर नासाडी!

ठाण्यासारख्या शहरात हा घोटाळा अधिकच संभवतो. चेंदणी कोळीवाड्याच्या ह्या शहरात मासळीचा कल्ला उघडून पाहण्याची रीत जुनी आहे. तेथे लाल म्हणजे ताजे. परंतु १८५३ साली देशातील पहिली प्रवासी आगगाडी जेथे येऊन थांबली त्या ह्याच गावी, लाल म्हणजे ‘थांबा’ व हिरवे म्हणजे ‘चला’ हाही पाठ तितकाच पक्का झालेला आहे. त्यातच शाकाहारी पदार्थाच्या वेष्टनावर आपल्याकडे हिरवी खूण असते. नासलेल्या मांसाचे वेष्टन हिरवे झाल्यास ग्राहकाने त्यातून काय वाचावे?

दुसरी उणीव अर्थव्याप्तीची. असा रंग वायूंची वार्ता देतो, निर्धोकपणाची नव्हे. रोगकारक जंतू असूनही असे वायू पुरेसे सुटलेले नसतील, तर रंग मूकच राहील. उलट मुशीच्या मांसात मूळचाच युरिया असल्याने त्यापासून अमोनिया सुटून रंग इतर मासळीपेक्षा लवकर पालटण्याचा संभव आहे. अशा वेष्टनाने ग्राहकाची दिशाभूल करू नये, असे बंधन युरोपीय संघाने २००४ च्या नियमात घातले आहे, ते रास्तच होय.

सारांश, ह्या संशोधनाचा रसायनाचा पाया भक्कम आहे. दुबळा आहे तो त्याचा अर्थविचार. रंगाशेजारी ताज्या व नासलेल्या अवस्थेचे नमुने छापून त्यांखाली ‘ताजे’ व ‘नासले’ हे शब्द स्पष्ट मराठीत दिल्यावाचून ही खूण पुरी होत नाही. बुद्धी वेष्टनात नसते. ती वाचणाऱ्याच्या ठायी असते, आणि तिला शब्दाचा आधार लागतो.