व्हर्नचा कुत्रा

ज्यूल व्हर्नच्या चांद्रकादंबऱ्यांना हसणे सोपे आहे. नऊशे फुटी तोफेतून उडवलेल्या माणसांचा आतल्या आत चेंदामेंदाच व्हायचा! पण तो दोष मी माफ करतो. तोफ नाही तर गोष्टच नाही. माझी तक्रार निराळी आहे.

1870 च्या दुसऱ्या भागात प्रवाशांचा कुत्रा मरतो. (नावही काय, तर ‘सॅटेलाइट’!) ते त्याला गोळ्याबाहेर टाकतात, आणि पुढे पाहतात तो काय, कुत्रा खिडकीबाहेर बरोबरीने चाललेला! प्रसंग अस्सल आहे. मग आतली माणसेच तेवढी तळाला चिकटून कशी? व्हर्न त्यांना तरंगवतो, ते पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ सारखी होते त्या एकाच जागी.

इथे न्यूटनचा डोंगर आठवावा. डोंगरावरून आडवा सोडलेला गोळा पहिल्या सेकंदात सुमारे 5 मीटर पडतो. त्याचा वेग सेकंदाला 8 किलोमीटर असेल, तर तेवढ्या अंतरात पृथ्वीची पाठही तितकीच खाली वळते. हवेचा अडथळा नसेल, तर गोळा पडतच राहतो. जमीन काही लागत नाही. चंद्रही असाच पडतो आहे.

व्हर्नचा गोळा, कुत्रा, माणसे, सारी एकाच ओढीच्या स्वाधीन. हवेबाहेर पडताच माणसांनीही तरंगायला हवे होते. आर्दांसारख्या चौकस पात्राने त्या खिडकीशीच बार्बिकेनला विचारायचे, की अहो, तो तरंगतो, मग आपण का नाही?