रुग्ण एक, संगणक दोन

पेण किंवा रोह्याच्या बाजारपेठेत औषधे घेतली की बहुधा संगणकाचे छापील बिल हाती पडते. औषधांचा साठा, मुदत, कर यांचा हिशेब हे यंत्र चोख ठेवते. साहजिकच, दोन औषधे एकमेकांना बाधक असतील तर तेही संगणक सांगेलच, असा आपला समज होतो. तो तपासून पाहायला हवा.

बिल करणे आणि औषधांची आंतरक्रिया ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी बाधक जोड्यांची अद्ययावत यादी लागते, आणि प्रत्येक व्यापारी नावामागचे मूळ औषधही संगणकाला ठाऊक असावे लागते. प्रत्येक प्रणालीत ही सोय असतेच असे नाही. असली तरी ती अचूक असेल याची खात्री नसते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका काल्पनिक रुग्णाची औषधे देऊन ६४ औषधालयांतील प्रणालींची परीक्षा घेण्यात आली. त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. केवळ १८ औषधालयांतील प्रणालींनी सर्व जोड्यांचा निवाडा बरोबर केला होता.

मग इशारे वाढवावेत का? तेही सोपे नाही. डॉक्टरांच्या संगणकांवरील अशा इशाऱ्यांचा आढावा २००६ साली घेतला गेला, तेव्हा निरनिराळ्या पाहण्यांत ४९ ते ९६ टक्के इशारे बाजूला सारलेले आढळले. ऊठसूट वाजणाऱ्या घंटेकडे कोण लक्ष देणार?

परंतु खरी उणीव वेगळीच आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला लेप्टोस्पायरोसिससाठी रोह्यात डॉक्सिसायक्लिन मिळाले असे समजा. रक्तक्षयासाठी सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या तो घेतच आहे. पोटात जळजळते म्हणून पेणच्या दुकानातून त्याने आम्लनाशकही आणले. लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांचे आयन डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवतात. मग ते आतड्यातून पुरेसे शोषले जात नाही. लेप्टोस्पायरोसिस प्राणघातक ठरू शकतो, आणि इथे तर गोळी घेऊनही औषध रक्तात कमीच पोहोचते. रोह्याच्या संगणकाला पेणचे बिल दिसत नाही आणि दवाखान्यातील गोळ्यांचे तर बिलच नसते. यादी कितीही परिपूर्ण असली, तरी न सांगितलेल्या औषधाविषयी यंत्र काय बोलणार?

म्हणून ही प्रणाली टाकाऊ ठरत नाही. शेकडो जोड्या न थकता लक्षात ठेवणे माणसाला जमणारे नाही. मात्र तिला पहारेकरी न मानता मदतनीस मानावे. पहारा आपणच द्यायचा.

शिक्षकांना वर्गात एक साधा उपक्रम घेता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील मोठ्यांच्या मदतीने, चालू असलेल्या सर्व औषधांची मूळ नावे वेष्टनावरून एका कागदावर उतरवावीत. आम्लनाशके, टॉनिके आणि काढेही त्यात यावेत. हा कागद वर्गात दाखवायचा नाही, कारण आजार ही खासगी बाब आहे. तो घरीच ठेवावा आणि दर वेळी डॉक्टरांना व औषधविक्रेत्याला दाखवावा. कोणतेही औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. दोन दुकानांतील संगणक एकमेकांशी बोलत नाहीत, तोवर त्यांच्यातला दुवा हाच कागद.